कुणी न वाचलेला निबंध

मागच्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात रात्री साडेदहाला मला कॉमन ॲपचा, म्हणजे इथल्या कॉलेजांचे अर्ज जिथून भरतात त्या वेबसाइटचा, मेल आला. लेकीने दुपारीच सांगून ठेवलं होतं, आई तुला एक लिंक येईल, उघड आणि सही कर, दोन मिनिटांचं काम आहे. सही म्हणजे आपलं नाव टाईप करायचं. मजकूर असा की आमची मुलगी या युनिव्हर्सिटीला अर्ली डिसिजनने अर्ज करतेय, प्रवेश मिळाला तर ती इथेच येईल, बाकी सगळीकडचे अर्ज मागे घेईल, आणि हे आम्हाला समजलेलं आहे. तिची सही झालेली होती, शाळेच्या काउन्सेलरची व्हायची होती, मधली माझी. ते दोन मिनिटांचं काम मी तीन दिवस केलं नाही.

भारतातून वाचणाऱ्यांना आधी हे काय असतं ते सांगते, इथल्यांनी एक परिच्छेद सोडून पुढे गेलं तरी चालेल. अमेरिकेत मोठ्या युनिव्हर्सिट्यांचे नेहमीचे अर्ज १ जानेवारीच्या आसपास जातात, निकाल मार्चच्या शेवटी लागतात, आणि मग हातात जेवढे होकार असतील ते शेजारी शेजारी ठेवून, कोण किती मदत देतंय ते बघून १ मेपर्यंत ठरवायचं. अर्ली डिसिजनमध्ये अर्ज १ नोव्हेंबरला जातो, निकाल डिसेंबरच्या मध्यात येतो, पण असा अर्ज एकाच ठिकाणी करता येतो आणि मिळालं तर घ्यावंच लागतं. इथे सगळे याला ईडी म्हणतात, मी आपली अर्लीच म्हणते. पुण्यात माझी भाची अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशातून गेली तेव्हा तिथेही असंच होतं, पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथेच प्रवेश घ्यायचा, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांत नाव नाही. फरक असा की तिथे मागच्या वर्षीचा कटऑफ दिसतो आणि फी पण आधी माहिती असते. इथे दोन्ही झाकलेलं.

सांगलीला आईला फोनवर हे समजावून सांगत होते. ती सगळं ऐकून म्हणाली, म्हणजे सुपारी फोडायची. म्हटलं हो, तसंच. मग तिने विचारलं, "आणि याद्या?" आमच्याकडे पूर्वी लग्न ठरवताना आधी याद्यांची बैठक व्हायची, कुणी काय करायचं, किती द्यायचं ते कागदावर उतरायचं आणि मग सुपारी फुटायची. ती पद्धत मला कधीच आवडली नाही, माझ्या लग्नात मी ती होऊ दिली नव्हती. पण आईचा प्रश्न एकदम वर्मावर होता. इथे सुपारी आधी फुटते आणि यादी नंतर येते.

यादी म्हणजे पैसे. नामांकित खाजगी युनिव्हर्सिटीत राहण्या-जेवण्यासकट वर्षाला ९० हजार डॉलरच्या आसपास खर्च येतो, असं चार वर्षं. आम्ही दोघं नोकरी करतो, न्यू जर्सीत घराचे हप्ते चालू आहेत, धाकटा आठवीत होता. म्हणजे मदत मिळेल इतकं उत्पन्न कमी नाही आणि एवढी रक्कम सहज काढून देऊ इतकं जास्तही नाही. प्रत्येक युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, त्यात उत्पन्न, बचत सगळं भरलं की अंदाज येतो, पण तो अंदाज असतो. खरा आकडा प्रवेशाबरोबर कळणार, आणि तोपर्यंत आपण शब्द देऊन बसलेलो. नियमात सूट आहे, मिळालेली आर्थिक मदत पुरेशी नसेल तर बाहेर पडता येतं, आणि हे काउन्सेलर लोक आवर्जून सांगतात. पण पुरेशी नाही हे कशाच्या तुलनेत म्हणायचं, दुसरी ऑफर हातात असेल तर ना. रटगर्स म्हणजे आमच्या राज्याची युनिव्हर्सिटी, तिथला एकूण खर्च आमच्यासाठी याच्या निम्म्याहून कमी, आणि तिथे अर्ली ॲक्शन आहे म्हणजे लवकर अर्ज करा पण बांधिलकी नाही. तो अर्ज तिने केलेलाच होता. तीन रात्री मी आणि नवरा एक्सेल उघडून बसलो. लेक दोन वर्षांची असल्यापासून कॉलेजसाठी दर महिन्याला बाजूला टाकलेले पैसे होते, त्यात काय काय मिळवायचं, काय पुढे ढकलायचं, स्वयंपाकघराचं काम नको, त्याची गाडी अजून चार वर्षं चालेल. जमत होतं. अगदी काठावर, पण जमत होतं. चौथ्या रात्री मी नाव टाईप केलं.

हे सगळं करायचं कशासाठी तर चान्स वाढतो म्हणून. ब्राऊन युनिव्हर्सिटीचं उदाहरण घ्या, २०२८ मध्ये बाहेर पडणाऱ्या बॅचसाठी त्यांनी अर्लीच्या अर्जांपैकी १४ टक्क्यांच्या वर मुलांना घेतलं, आणि सगळे अर्ज मिळून बघितलं तर साधारण ५ टक्के. आता यात खेळाडू असतात ज्यांना कोचने आधीच निवडलेलं असतं, माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात, त्यामुळे आपल्या पोराचा चान्स तिप्पट झाला असं कुणी समजू नये. पण फायदा खोटाही नाही. २००३ मध्ये हार्वर्डशी संबंधित संशोधकांनी हजारो अर्जांचा अभ्यास करून मांडलं होतं की लवकर अर्ज करण्याचा फायदा सॅट या प्रवेश परीक्षेच्या स्कोअरमध्ये १०० मार्क वाढण्याइतका असतो. शंभर मार्क! त्यासाठी इथे मुलं उन्हाळाभर क्लासला जातात.

युनिव्हर्सिटीला यातून काय मिळतं तर खात्री. होकार दिलेल्या मुलांपैकी किती जण खरंच येतात त्याला यील्ड म्हणतात, आणि अर्लीवाला येणारच. किती जागा भरल्या, फीचे किती पैसे नक्की आले, हे त्यांना डिसेंबरात कळून जातं. २००३ पर्यंत तर यूएस न्यूजच्या कॉलेजांच्या रँकिंगमध्ये यील्डला थेट गुण होते. म्हणून कित्येक ठिकाणी निम्मी बॅच अर्लीतूनच भरते. आणि एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली, की हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड, एमआयटी यांच्यात कुणीच असं बांधून घेत नाही. लवकर अर्ज घेतात, पण हो म्हटल्यावरही मुलाला १ मेपर्यंत विचार करू देतात. ज्यांना पोरं सोडून जातील ही भीती सगळ्यात कमी आहे ते सोडायला तयार आहेत.

त्या शरद ऋतूत आमच्याकडे सगळ्यांच्या बोलण्यात एकच वाक्य होतं, अर्ली वाया घालवू नकोस. मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत आया एकमेकींना विचारायच्या, अर्लीला कुठे टाकताय, आणि समोरची हसून म्हणायची, अजून ठरलं नाही गं. ठरलेलं असायचं. पण सांगितलं तर दृष्ट लागेल असं वाटायचं, किंवा त्याच शाळेतून अजून एक जण तिथेच अर्ज करेल अशी भीती. मी पण तेच उत्तर दिलं, वीस वर्षांच्या मैत्रिणीला. घरी आलं की रात्री नॅव्हिअन्स ही शाळेने दिलेली वेबसाइट उघडायची, त्यात आपल्याच शाळेतल्या आधीच्या मुलांचे ठिपके असतात, आडवा सॅट आणि उभा जीपीए म्हणजे शाळेतल्या ग्रेडची सरासरी, हिरवा ठिपका म्हणजे घेतलं, लाल म्हणजे नाही. लेकीचा ठिपका कुठे पडतो ते मी इतक्या वेळा बघितलंय की डोळे मिटले तरी तो आलेख दिसायचा. माझ्या वेळी बारावीच्या पीसीएमच्या मार्कांवर प्रवेश होता, लिस्ट लागली की बोट फिरवत खाली जायचं, नाव सापडलं तर सापडलं. त्यात अन्याय नव्हता असं मी म्हणणार नाही, पण त्या लिस्टने मला कधी विचारलं नाही की तुझं माझ्यावर किती प्रेम आहे.

अर्ली नेमकं तेच विचारतं. आणि आता मला जे सांगायचंय ते सांगते.

लेकीला दोन ठिकाणं आवडली होती. एप्रिलच्या सुट्टीत आम्ही सगळे गाडीने फिरलो, पाच दिवसांत सहा कॅम्पस. त्यात एक मोठं नाव होतं, सगळ्यांना माहिती असलेलं, सांगलीतही माहिती असलेलं. आणि एक होतं वर उत्तरेला, छोटं कॉलेज, इतकं छोटं की टूर देणारा मुलगा वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक मारत होता. तिथे पाऊस पडत होता, आम्ही छत्र्या विसरलो होतो, तर लेक टूर संपल्यावर एकटीच एका गणिताच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसली आणि तासाभराने बाहेर आली ती तोंडभर हसत. गाडीत बसल्यावर म्हणाली, आई, सर वर्गातल्या मुलांना विचारत होते की तुम्हाला काय वाटतं, आणि खरंच थांबत होते. मोठ्या नावाच्या ठिकाणीही ती खूश होती, तिथली लायब्ररी बघून गप्प झाली होती. पण तासभर कुठे गायब झाली नव्हती.

दोन्हीकडे अर्ली होतं आणि अर्ली एकाच ठिकाणी टाकता येतं. ऑगस्टमध्ये तिने विचारलं, आई, कुठे टाकू? मी म्हटलं, छोटं कॉलेज तुला रेग्युलरमध्येही मिळेल, तुझे मार्क तिथे चालतील, अर्ली मोठ्या नावाला वापर. हे मी पूर्ण विचार करून म्हटलं, नवऱ्यानेही तेच म्हटलं, ठिपकेही तेच सांगत होते. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ओके, लॉजिकल आहे. आता आठवलं की मला त्या ओकेचा आवाज ऐकू येतो. कुठे आवडतं हा प्रश्न होता आणि आम्ही त्याचं कुठे वापरायचं करून टाकलं, सतरा वर्षांच्या मुलीला तिची आवड खर्च कशी करायची ते शिकवलं. ती जबरदस्ती नव्हती. तिला मोठं ठिकाण नको होतं असंही नाही. पण तिने आपलं आपण ठरवलं असतं तर काय ठरवलं असतं हे आता कधीच कळणार नाही, आणि ते मी पुसलं.

तिची एक मैत्रीण आहे, बालवाडीपासूनची, आमच्या घरी येऊन वरणभात मागून खाणारी. तिची आई एकटी कमावते. मार्क म्हणाल तर आमच्या लेकीपेक्षा काकणभर सरस. तिने अर्ली टाकलं नाही. अगदी कमी उत्पन्नाच्या घरांसाठी क्वेस्टब्रिजसारखी योजना आहे, त्यात डिसेंबरलाच पूर्ण खर्चासकट प्रवेश मिळू शकतो, पण तिच्या आईचा पगार त्यात बसण्यापेक्षा थोडा जास्त होता. ती आमच्या ओट्याशी बसून अगदी सरळ म्हणाली, आंटी, मला सगळ्या ऑफर्स बघाव्या लागतील, दोन-तीन हजार डॉलरचाही फरक पडतो. म्हणजे तिच्या घरातही आमच्यासारखाच हिशोब झाला होता, फक्त तो जमत नव्हता. आमच्या लेकीचा अर्ज नोव्हेंबरात वाचला गेला, हिचा जानेवारीनंतर, तेव्हा कित्येक ठिकाणच्या निम्म्या जागा संपलेल्या. कुणी हिला मुद्दाम डावललं नाही. रांगच दोन होत्या आणि पुढच्या रांगेत उभं राहायला तुलना न करता सही करण्याची ऐपत लागत होती. माझ्या मुलीने मेहनत केली, रात्र रात्र जागली, तिचं यश तिचंच आहे. पण त्या यशात माझी चौथ्या रात्रीची सही पण आहे आणि ती सही तिच्या मैत्रिणीची आई करू शकत नव्हती.

हे कळणारी मी पहिली नाही. सप्टेंबर २००६ मध्ये हार्वर्डने लवकरचे अर्ज घेणंच बंद करतो म्हणून जाहीर केलं, कारण हेच दिलं की याचा फायदा आधीच पुढे असलेल्या मुलांना होतो. पाठोपाठ प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीनेही केलं. त्यांना वाटलं बाकीचे येतील मागोमाग. कुणी फारसं आलं नाही, आणि २०११ मध्ये हार्वर्ड आणि प्रिन्स्टन दोघांनी लवकरचे अर्ज पुन्हा सुरू केले. मागच्या ऑगस्टमध्ये, लेकीचं सामान खोक्यांत भरत होतो तेव्हाच, बातमी आली की काही विद्यार्थ्यांनी ३२ कॉलेजांवर फेडरल कोर्टात खटला भरलाय, म्हणणं असं की अर्ली डिसिजनमुळे स्पर्धा मरते आणि सगळ्यांनाच जास्त फी द्यावी लागते. त्याचं काय व्हायचं ते होईल. नवऱ्याने बातमी वाचून दाखवली, मी टेप लावत होते, आमच्यात कुणीच काही बोललं नाही.

डिसेंबरचा निकाल संध्याकाळी सातला होता. लेकीने सांगितलं होतं कुणीही माझ्या खोलीत यायचं नाही. आम्ही तिघं जिन्याखाली उभे, धाकटा सुद्धा मोबाईल खाली ठेवून. सात वाजून दोन मिनिटांनी वरून एक आवाज आला जो मी तिच्या जन्मानंतर ऐकला नव्हता, रडण्याचा की हसण्याचा कळेना, आणि मग ती जिन्यावरून धावत आली. मी देवापाशी साखर ठेवली. सांगलीला पहाटेचे साडेपाच झाले होते, आई उठलेलीच होती, तिला नाव लगेच कळलं, आणि अर्ध्या तासात गल्लीत कुणाकुणाला कळलं असेल ते मी समजू शकते. तो आनंद खरा होता. तो मी कमी करून सांगणार नाही.

मदतीचा आकडा मात्र शून्य आला, कॅल्क्युलेटरने जवळपास तेच सांगितलं होतं.

शनिवारी ती अर्ज मागे घ्यायला बसली. रटगर्सला कळवलं, अजून दोन ठिकाणी कळवलं. जे अर्ज जानेवारीत जाणार होते ते तर गेलेच नव्हते, नुसते कॉमन ॲपमध्ये अर्धे-मुर्धे भरून पडले होते. काही शाळांतली मुलं अर्लीला हो आल्यावर नाही म्हणतात तेव्हा पुढच्या वर्षी त्या शाळेच्या मुलांवरच राग निघतो. ट्युलेन युनिव्हर्सिटीने अलीकडे अशाच कारणावरून एका शाळेतल्या मुलांना वर्षभर अर्लीच बंद केलं. याच भीतीने आमच्या काउन्सेलर बाईंनी दोनदा मेल करून विचारलं, सगळं मागे घेतलंस ना? घेतलं.

संध्याकाळी ती मैत्रिणींबरोबर बाहेर गेली आणि जाताना म्हणाली, आई, माझ्या लॅपटॉपवर प्रिंट लावलीये ती बंद कर. प्रिंट बंद करताना शेजारची फाईल उघडली गेली. छोट्या कॉलेजसाठीचा निबंध. ३०० शब्दांचा, विषय असा होता की तुम्हाला घडवणाऱ्या एखाद्या जागेबद्दल लिहा.

ऑगस्ट २०१९. ती बारा वर्षांची, आम्ही दोघी सुट्टीला सांगलीत. कृष्णेला पूर आला आणि आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, ४५ ला धोक्याची पातळी असते. आईचं घर गावभागात. आम्ही वरच्या मजल्यावर, लाईट नाही, खाली पाणी. या सगळ्यातलं तिने काय लिहिलं होतं तर जिना. आजीने तिच्या हातात खडू दिला होता आणि सांगितलं होतं, दर तासाला बघ पाणी कितव्या पायरीला आलंय, रेघ मार आणि मला येऊन सांग. तिने लिहिलं होतं की मला तेव्हा वाटलं आजीला आकडा हवाय, नंतर कळलं आजीला मला काहीतरी काम द्यायचं होतं म्हणजे मी घाबरणार नाही. आणि मी मोजायला तिथे शिकले, खडूने, अंधारात, सातव्या पायरीपर्यंत.

मुख्य निबंधासाठी तिने हा विषय घेतला नव्हता. आम्ही पैसे देऊन लावलेल्या एका सल्लागाराने सांगितलं होतं की आजी, भारत, संकट हे सगळेच लिहितात. मोठ्या ठिकाणासाठी तिने आम्हालाच का निवडलंस या प्रश्नाचं उत्तर लिहिलं, कोणते कोर्स, कोणती लॅब, कोणता क्लब, नीट अभ्यास करून, मी स्वतः तीनदा वाचून शुद्धलेखन बघितलं होतं. हा तिने मला दाखवला नव्हता. मी तिच्या खोलीत खुर्चीवर बसून तो चार वेळा वाचला आणि मला जाणवलं की हा कुणीच वाचणार नाही. त्या कॉलेजातलं कुणीच नाही, जिथे सर विचारून थांबत होते.

ती परत आल्यावर मी सांगितलं की वाचला. ती रागावली नाही. म्हणाली, तो चांगला होता ना? मी म्हटलं, सगळ्यात. ती म्हणाली, मला माहितीये.

मैत्रिणीला मार्चअखेर दोन होकार आले, एकाने बरी मदत दिली, ती तिकडे गेली. जिथे तिला जायचं होतं तिथे वेटलिस्ट, पुढे ते हललं नाही. आमची लेक मोठ्या नावाच्या ठिकाणी आहे, पहिलं सेमिस्टर आत्ता संपतंय, फोनवर आवाज बरा असतो.

जूनमध्ये आम्ही दोघी सांगलीला गेलो होतो, कॉलेज सुरू व्हायच्या आधी. दुपारी जेवणं झाल्यावर मी तिला म्हटलं, आजीला तो निबंध वाचून दाखव की. ती लाजली, मग मोबाईलवर काढला आणि तिच्या त्या अडखळत्या मराठीत एकेक वाक्य उलगडून सांगायला लागली. आई पलंगावर आडवी होती, डोळे मिटून. मला वाटलं झोपली. सातव्या पायरीचं वाक्य आलं तशी ती उठून बसली.

"सातवी नाही गं बाळा, नववी. सातवीला आलं तेव्हा तू खडू हातात धरूनच झोपली होतीस. पुढच्या दोन रेघा मी मारल्यात. चल, दाखवते."